ताईच्या हातांचे व्हिडिओ

माझ्या ताईला ऐकू येत नव्हतं. ती दीड वर्षाची असताना तिला ताप आला. आठ-दहा दिवस तो उतरलाच नाही, आणि उतरला तेव्हा तिचे कान घेऊन गेला, असं आई सांगायची. मी तिच्यानंतर सात वर्षांनी झालो. त्यामुळे ऐकू येणारी ताई मी पाहिलीच नाही. मी पाहिलेली ताई हातांनी बोलायची, आणि लई बोलायची.

आम्ही मूळचे सिरसाळ्याचे. वडील आडतीवर मापाडी होते. दिवसभर लोकांची ज्वारी, कापूस, तूर मोजून द्यायचे. बीडला मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं, तेव्हा ते एकदा जाऊन बघूनही आले. पण एवढीशी पोर परक्या गावी ठेवायची, रात्री-अपरात्री तिचं पोट दुखलं तर ती सांगणार कशी, या विचारानं त्यांनी तिला पाठवलं नाही. त्यामुळे मुकी माणसं एकमेकांशी बोलतात ती शिकवलेली भाषा ताईला कधीच आली नाही. तिला आली ती आमच्या घरात आपोआप तयार झालेली.

आई म्हणजे नाकाच्या डाव्या पाळीला बोट, कारण तिथं मोरणी होती. वडील म्हणजे हवेत धरलेला तराजू. मी म्हणजे हनुवटीला चिमटा, कारण रांगताना उंबऱ्यावर आपटून माझी हनुवटी फुटली होती. तळहात गालाखाली धरून एकदा डोळे मिटले की उद्या, दोनदा मिटले की परवा. परळी म्हणजे खांद्यावर पडलेली राख झटकायची. तिथल्या वीज केंद्राची राख वाऱ्याबरोबर कपड्यांवर बसायची, ते तिनं एकदा आत्याकडं गेल्यावर बघितलं होतं. अशा खुणा शेकड्यांनी होत्या. त्या जगात फक्त चार माणसांना यायच्या. मी तोंडानं बोलायला आणि हातांनी बोलायला एकदमच शिकलो, त्यामुळे मला त्या कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

ताईला बघायला परळीहून पाहुणे आले तेव्हा मी अकरा-बारा वर्षांचा असेन. मुलगा वीटभट्ट्यांना राख पोचवणारा ट्रक चालवायचा. पोहे झाले, मोठ्यांची बोलणी झाली, आणि तो एकदम माझ्याकडं वळून म्हणाला, "तिला इचार ना, मी तिला पसंत हाय का."

सगळे हसले. मुलीला असं विचारायची रीत आमच्याकडं नव्हती, आणि मुक्या मुलीला तर नव्हतीच. पण मी विचारलं. ताईनं त्याला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. मग हातांनी म्हणाली, "त्याच्या शर्टाचं तिसरं बटण काळ्या दोऱ्यानं लावलंय. बाकीची पांढऱ्या दोऱ्यानं आहेत. त्याला सांग, मी लावून देईन."

मी तसंच सांगितलं. तो माणूस लाजला आणि बटणावर हात ठेवून बसला. ते माझे दाजी.

लग्नानंतर ती परळीला गेली आणि शिवणकाम करायला लागली. तिचं ब्लाउजचं कटिंग इतकं चांगलं होतं की बायका दुसऱ्या गल्लीतून यायच्या. मापं आकड्यांत लिहून घ्यायची, बाकीचं हातवाऱ्यांनी चालायचं. पुढं मी शिकायला पुण्याला गेलो आणि आमचं बोलणं बंद पडलं. साधा फोन तिच्या काय कामाचा? चार-पाच वर्षं मी दिवाळीला आणि उन्हाळ्यात गावी गेल्यावरच तिच्याशी बोलायचो. मग दाजींनी कॅमेऱ्याचा मोठा फोन घेतला. पहिल्यांदा व्हिडिओ कॉल लागला त्या दिवशी ती इतक्या घाईनं हात हलवत होती की पडद्यावर मला नुसता धूर दिसत होता. मी तिला हळू, हळू म्हणत होतो आणि ती हसत होती. त्या दिवसापासून आम्ही जवळजवळ रोज बोललो. आई-वडील गेल्यानंतर तर त्या खुणा पूर्ण येणारे आम्ही दोघंच उरलो होतो. दाजींना कामापुरत्या यायच्या. मग ताईला मुलगी झाली. तिला चांगलं ऐकू यायचं. ती माझ्यासारखीच दोन्ही भाषा एकदम शिकली. तिची खूण होती कपाळावर बोटानं काढलेलं वेटोळं, कारण जन्मतःच तिचे केस कुरळे होते.

माझं काम काय आहे ते इथं सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते त्याच कामातून झालं.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. लोकांचे फोटो, व्हिडिओ, आवाजाच्या फायली एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चढवणारे प्रोग्राम आम्ही लिहितो. हे काम वेब एपीआयमधून चालतं. म्हणजे माणूस पडद्यावर बटण दाबत बसत नाही, आमचा प्रोग्राम त्या सेवेच्या सर्व्हरशी ठरलेल्या पद्धतीनं परस्पर बोलतो. मोठा व्हिडिओ एकदम जात नाही. आधी सर्व्हरला सांगायचं, की एवढ्या आकाराची फाईल येतेय. तो एक नंबर देतो. मग फाईलचे तुकडे करून एकेक पाठवायचा. शेवटी सांगायचं, झालं, आता जोड. सर्व्हर म्हणतो, मिळालं. पण एवढ्यानं व्हिडिओ तिथं कायमचा राहत नाही. तो तात्पुरता ठेवलेला असतो. तुम्ही पुन्हा जाऊन तो नंबर तुमच्या अल्बमला जोडलात तर राहतो. ठरलेल्या मुदतीत जोडला नाही तर सर्व्हर तो टाकून देतो. आम्ही जी सेवा वापरायचो तिथं ही मुदत दोन दिवसांची होती. हे मला पाठ होतं. कंपनीत नवीन येणाऱ्यांना हे मीच शिकवायचो.

ताई आजारी पडली तेव्हा तिची मुलगी नऊ वर्षांची होती. आधी नुसतं जेवण जात नाही एवढंच होतं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. तिथं डॉक्टरांनी दाजींना बाहेर बोलावून सांगितलं आणि दाजींनी मला फोन केला. "पाव्हणं, पोटात गाठ हाय म्हणतेत. लई पसरलीय म्हणतेत."

ताईला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण माणसांचे चेहरे वाचण्यात तिचं आयुष्य गेलेलं. व्हिडिओ कॉलवर तिनं मला विचारलं, "किती दिवस?" मी म्हणालो, "बरी होशील." ती म्हणाली, "तुझे हात खोटं बोलायला लागले की खांद्यापासून हलतात." मग मी खरं सांगितलं. काही महिने.

त्यानंतर तिनं व्हिडिओ काढायला सुरुवात केली. दुपारी दारातून उजेड येतो तेव्हा शिलाई मशीनवर डब्याला टेकवून फोन उभा करायचा आणि समोर बसून मुलीशी बोलायचं. मला म्हणाली, "ती एवढीशी आहे. मोठी होईल तोवर माझे हात विसरेल. तू तिच्याजवळ राहत नाहीस. मग तिच्याशी माझ्यासारखं कोण बोलणार?"

दोन महिन्यांत तिनं एकशे त्रेचाळीस व्हिडिओ काढले. कुठला तीन मिनिटांचा, कुठला अर्ध्या तासाचा. मी त्यांतले चार-पाचच बघितले. एकात ती बाहीचं कटिंग शिकवत होती. एकात धपाट्याचं पीठ किती सैल हवं ते. एकात आमच्या आईची गोष्ट होती. आणखी एक मी उघडला तर ती मुलीला, अंगावरून जायला लागलं की घाबरू नको, काय करायचं, कापड कुठं ठेवलंय, ते सांगत होती. मी लगेच बंद केला. हे सगळं मायलेकींचं होतं. आपण बघू नये असं मला वाटलं, म्हणून बाकीचे मी उघडलेच नाहीत.

मग एक दिवस भाचीचा फोन आला. "मामा, आईचा फोन भरला. रेकॉर्डिंग चालू व्हत न्हाई. आई लई चिडलीय."

मी सुट्टी काढून परळीला गेलो. ताई खाटेवर बसली होती, अर्धी झाली होती, पण मला बघून आधी फोनच पुढं केला. "जागा कर. मला अजून सांगायचंय." मी म्हणालो, "सगळं अशा ठिकाणी ठेवतो की फोन हरवला, फुटला, तरी तिला मोठेपणी मिळेल." तिनं विचारलं, "असं कुठलं ठिकाण?" मी वर, लांब कुठंतरी हात केला. ती म्हणाली, "देवाकडं?" आणि स्वतःच हसली.

मी तिथंच बसून प्रोग्राम लिहिला. माझा लॅपटॉप कंपनीचा होता, त्यात जागा थोडी होती. म्हणून फोनमधून थोडे व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायचे, ते चढवायचे, सर्व्हरनं मिळालं म्हटलं की लॅपटॉपवरून पुसायचे, मग पुढचे घ्यायचे, असं केलं. पुसायची ओळ मीच लिहिली. फोनमधलेही लगेच पुसत गेलो, कारण ताईला दुपारी रेकॉर्डिंग करायचं होतं आणि ती दर थोड्या वेळानं येऊन जागा झाली का बघत होती. नेट हळू होतं. दोन दिवस दिवसभर मी दाराजवळ बसून होतो. एकेका फाईलपुढं हिरव्या अक्षरांत मिळालं, मिळालं असं उमटत होतं. भाची शाळेतून आल्यावर शेजारी बसून मोजायची. एकशे त्रेचाळीसावा गेला तेव्हा तिनं आईला जाऊन सांगितलं आणि ताईनं आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले.

अल्बमला जोडायचं तेवढं राहिलं होतं. ते मी मुद्दाम ठेवलं होतं. फायलींची नावं नुसते आकडे होती. मला वाटलं, ताईला शेजारी बसवावं, प्रत्येक व्हिडिओ कशाचा आहे ते तिनं सांगावं, मी नाव लिहावं आणि मग जोडावं. म्हणजे मुलीला हवा तो सापडेल. नावं न देताही जोडता आले असते. एका ओळीचं काम होतं. नावं मग कधीही देता आली असती.

संध्याकाळी नावं द्यायला बसलो. पहिल्याला तिनं "काजं-बटण" असं सांगितलं. दुसऱ्याच्या वेळी तिला उलटी झाली, त्यात रक्त होतं. दाजींनी शेजाऱ्याची जीप आणली आणि आम्ही तिला अंबाजोगाईला नेलं.

तीन दिवस दवाखान्यात गेले. नर्सबाई विचारायच्या, कुठं दुखतंय, किती दुखतंय, आणि मी सतत तिच्या आणि त्यांच्या मध्ये उभा. त्या तीन दिवसांत मला ती मुदत एकदाही आठवली नाही. खरंच आठवली नाही. यावर मी पुष्कळ विचार केलाय. आठवण झाली आणि मी कंटाळा केला, असं असतं तर निदान स्वतःला शिव्या घालायला काही नेमकं मिळालं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी ताईला घरी आणलं. ती झोपली. भाची शाळेत गेली. मी लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर जोडायचा प्रोग्राम अर्धवट लिहिलेला दिसला. तो दिसताच मला मुदत आठवली. तरी मी तो पूर्ण करून चालवला. सर्व्हरनं पहिल्या नंबरला उत्तर दिलं, असा व्हिडिओ नाही. दुसऱ्याला तेच. मी थांबवला नाही. एकशे त्रेचाळीस वेळा तीच ओळ खालून वर सरकत गेली.

फोन बघितला. त्यात काही नव्हतं. लॅपटॉपवरून पुसलेलं परत मिळवायचे होते नव्हते तेवढे सगळे उपाय केले. ताईला आणि दाजींना कामाचं निघालंय, फोनही नीट करून आणतो, असं खोटं सांगून मी पुण्याला आलो आणि पुसलेल्या फायली परत काढून देणाऱ्या एका माणसाकडं लॅपटॉप आणि फोन दोन्ही दिले. त्यानं दोन दिवस ठेवून घेतले. मग म्हणाला, "तुम्ही याच लाइनमधले ना? मग तुम्हाला माहीतच असेल." त्या सेवेला मी लिहिलं. मोठं पत्र लिहिलं, सगळं सांगितलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. मुदत संपलेल्या फायली आमच्याकडं शिल्लक राहत नाहीत, असं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. हे त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं होतं आणि मी ते इतरांना शिकवत होतो.

परत निघालो. आता ताईला सांगायचं होतं. बस मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबली तेव्हा मी हात धुवायला गेलो. तिथं बेसिनवर आरसा होता. कसं सांगायचं ते मी आरशात करून बघायला लागलो. व्हिडिओची आमची खूण होती, उभा तळहात आणि त्याच्यापुढं नाचणारी बोटं. पण पुसले गेले, हे कसं म्हणणार? फुटलं याला खूण होती, हरवलं याला होती, चोरलं यालाही होती. माझ्या हातून कायमचं नाहीसं झालं, याला आमच्याकडं खूणच नव्हती. मी एक करायचो, मोडायचो, दुसरी करायचो. मागं दोन ट्रकवाले उभे होते.

"काय करायलंय बे हे?" एकानं विचारलं.

"मुकं दिसतंय. जाऊ दे ना बे," दुसरा म्हणाला.

मी तोंड धुतलं आणि बसमध्ये जाऊन बसलो.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. दाजी ट्रकवर गेले होते, भाची शाळेत. ताई भिंतीला टेकून बसली होती. मी समोर बसलो. व्हिडिओची खूण केली आणि तळहातावरून फुंकर मारली.

तिला वाटलं, मी म्हणतोय व्हिडिओ गेले, वर पोचले. तिनं मान हलवली. "हो, माहीत आहे. कधी बघायचे?"

मी पुन्हा केलं. नाही. गेले. वरही नाहीत. फोनमधेही नाहीत. कुठंच नाहीत.

"चोरले कुणी?"

मी हनुवटीला चिमटा घेतला. मी.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "सगळे?"

"सगळे."

तिनं डोळे मिटून घेतले.

ऐकू येणाऱ्या माणसाला याचा अर्थ कळणार नाही. तुम्ही रागावून पाठ फिरवलीत तरी समोरचा बोलू शकतो, माफी मागू शकतो, तुमच्या कानांवर ते पडत राहतं. ताईनं डोळे मिटले की तिच्याशी बोलायचा रस्ताच उरायचा नाही. लहानपणी भांडण झालं की ती असंच करायची आणि मी तिच्या पापण्या बोटांनी उघडायला जायचो, मग ती हसायची. त्या दुपारी माझी हिंमत झाली नाही. मी तिच्यासमोर हात जोडून बसून राहिलो. तिला ते दिसत नव्हतं. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

शाळा सुटायच्या वेळेला तिनं डोळे उघडले. म्हणाली, "तिला सांगू नको." मग थोड्या वेळानं, "फोन दे."

पुढचे अकरा दिवस ती होती. त्यात तिनं तीन व्हिडिओ काढले. फोन मी धरायचो. आधीसारखं सरळ बसणं तिला जमत नव्हतं, दंडाखाली उशा द्यायला लागायच्या. पहिल्यात ती गळ्याचं कटिंग सांगायला लागते, पण कात्रीची खूण करताना दोन बोटं लांब होतच नाहीत, आणि ती मला हातानं बंद कर म्हणते. दुसऱ्यात ती मुलीला, तू जन्मलीस तेव्हा तुझं रडणं मला ऐकू आलं नाही, म्हणून मी तुझ्या छातीवर हात ठेवून ते बघितलं, असं सांगते. तो पूर्ण आहे. सव्वादोन मिनिटांचा. तिसरा चाळीस सेकंदांचा आहे. त्यात ती डाव्या मनगटावर दोन बोटं टेकवते, मग मूठ पोटाशी नेते, आणि तेच पुन्हा करते. ती खूण मला येत नाही. आमच्या सिरसाळ्याच्या घरातली ती नव्हे. ती तिनं आणि मुलीनं नंतर कधीतरी केलेली असणार. मी कॅमेऱ्यामागून विचारलं, म्हणजे काय? ताई म्हणाली, "तुझ्यासाठी नाही."

ती सकाळी गेली. दाजींनी तिचे दोन्ही हात चादरीत घेतले तेव्हा मी बाहेर निघून गेलो.

ते तीन व्हिडिओ मी किती ठिकाणी ठेवलेत ते सांगायला लाज वाटते. चढवण्याचं काम मी कंपनीत सोडलं, दुसऱ्या गटात गेलो. साहेबांनी कारण विचारलं, मी कंटाळा आला म्हणालो.

भाचीला मी तीन वर्षं काही सांगितलं नाही. ताईनं नको म्हटलं होतं, हे खरं, पण मला सांगायचंही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मी परळीला गेलो होतो. ती आता बारा वर्षांची झाली होती. आईच्या मशीनवर बसून ती माझ्या पँटची उसवलेली शिवण घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मामा, एक इचारू?"

"विचार."

"मला परवा पाळी आली. आत्यानं सांगितलं समदं. पण आईनं एक व्हिडिओ केलता ना त्याचा? मीच फोन डब्याला टेकवून दिलता, मग मला भाईर जा म्हणली व्हती. म्हणली, मोठी झाल्यावर बघ. तो आता दाखवता का?"

मी तिला सगळं सांगितलं. मुदत, नंबर, पुसायची ओळ, सगळं. ती बारा वर्षांची होती, पण मी काही सोपं करून सांगितलं नाही.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमी कावून पुसले, मामा? राहू द्यायचे ना फोनमधी."

"आईला अजून रेकॉर्ड करायचं होतं. जागा नव्हती."

"मी माझ्या वहीत काढले असते," ती म्हणाली. याचा काही अर्थ लागत नव्हता आणि ते तिलाही कळलं. मग ती रडायला लागली. "मी मुद्दाम मागितले न्हाईत तुमाला. मला वाटायचं, लवकर बघितले तर संपून जातेल. म्हणून मी वाट बघितली."

मी तिला तिसरा व्हिडिओ दाखवला. तो मी तिला त्याआधी कधी दाखवला नव्हता, कारण दाखवला असता तर बाकीचे कुठं आहेत म्हणून तिनं विचारलं असतं. तिनं मनगटावरची दोन बोटं बघितली, पोटाशी नेलेली मूठ बघितली. पुन्हा बघितला. स्वतः करून बघितलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"येतंय मला हे," ती म्हणाली. "येत व्हतं. आमी दोघी करायचोत." मग तिनं फोन माझ्याकडं सरकवला. "आठवत न्हाई, मामा."

त्यानंतर आम्ही एक वही केली. मी गेलो की आम्ही बसायचो आणि तिला त्या व्हिडिओंतलं जे आठवेल ते मी लिहून घ्यायचो. फोन टेकवताना, दारातून डोकावताना तिला जे थोडंफार दिसलं होतं, तेवढंच. एकात आई नुसती हसत होती. एकात ती बाबांच्या बटणाची गोष्ट सांगत होती. एकात हिशेबाची वही कशी ठेवायची ते. सव्वीस ओळी झाल्या. मग एकदा ती म्हणाली, "आता बास करू. मी उगं बनवून सांगायला लागलेय, मला कळायलंय." मी वही बंद केली.

परवाच्या भेटीत मी तिच्याशी हातांनी बोलायला गेलो. मी नेहमीच जातो, विसरू नये म्हणून. तिनं मला उत्तर तोंडानं दिलं. मी दुसरं काही विचारलं, तिनं पुन्हा तोंडानंच दिलं, आणि दप्तर घेऊन क्लासला गेली. मला वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं. तिला घाई होती आणि हातात सायकलची किल्ली होती.

दाजी आणि मी ओट्यावर बसून राहिलो. सगळं कळल्यापासून एवढ्या वर्षांत ते मला त्यावरून एक शब्द बोललेले नाहीत. त्या दिवशी रस्त्याकडं बघत म्हणाले, "मला तर तिचं निम्मंच कळायचं, पाव्हणं. ती रातच्याला लई काय काय सांगायची आन् मी हां हां करायचो. मला वाटायचं, व्हिडिओ हायेत, कधीतरी तुमच्याजवळ बसून समजून घेऊ, काय म्हणत व्हती ती."

ते उठून आत गेले आणि दोघांसाठी चहा ठेवला.